धनश्रीची अव्वा

उमापूरच्या उज्ज्वला आणि बजरंगची टोळी ऊस तोडायला कर्नाटकात गेली, तेव्हा त्यांची धनश्री सव्वा वर्षाची होती. त्यांच्या झोपडीवजा कोपीशेजारी निंगव्वा नावाची विधवा एकटीच राहायची. फडात जिकडंतिकडं कोयते चाललेले, तिथं लेकरू ठेवायचं कुठं? निंगव्वानंच हात पुढे करून पोरीला कडेवर घेतलं. निंगव्वाला मराठी येत नव्हती, उज्ज्वलाला कानडी.

पोर बोलायला लागली ती तिथंच. पाण्याला ‘नीरु’, जेवणाला ‘ऊटा’. एका संध्याकाळी उज्ज्वला फडातून आली, तिला घ्यायला वाकली, तर पोर हातातून निसटली आणि निंगव्वाच्या लुगड्याला बिलगली. “अव्वा!”

अव्वा म्हणजे आई, हे उज्ज्वलाला कुणी सांगावं लागलं नाही.

हंगाम संपला, टोळी गावी परतली. उमापुरात धनश्री दारात बसून अव्वाला हाका मारायची. उज्ज्वलाला तिची कीव यायची आणि रागही यायचा. एका दुपारी पोर ‘नीरु, नीरु’ करत रडत होती. उज्ज्वला तांब्या वर धरून म्हणाली, “पानी म्हन. मंग देते.”

“कावून रडवायलीस लेकराला?” सासू भामाबाई म्हणाली. “ती काय मागती ते तुला कळंना का?”

“कळतंय, आत्याबाई. म्हनून तर.”

शेवटी हुंदके देत पोर “पानी” म्हणाली. हळूहळू सगळंच मराठीत आलं. ‘आई, आई’ करत ती मागे-मागे फिरायला लागली, तेव्हा उज्ज्वलाला लेक परत मिळाल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर निंगव्वाचा व्हिडिओ कॉल आला. कुणाकडून तरी तिनं तो लावून घेतला होता. पोरीला बघताच ती हसली, भरभर बोलत सुटली, “इल्लि बा, इल्लि बा” म्हणत दोन्ही हात पुढे केले. धनश्री नुसती बघत राहिली. मग वळून म्हणाली, “आई, ही बाई काय म्हनायली?”

निंगव्वाचे हात खाली आले. तेवढी मराठी तिला कळली असावी.

‘तुमी होता म्हनून माझं लेकरू बोलाया शिकलं,’ असं उज्ज्वलाला सांगायचं होतं. पण कानडीत एक शब्द जुळेना. निंगव्वानं पदरानं डोळे पुसले आणि हळूच काहीतरी विचारलं. थांबली. पुन्हा तेच विचारलं. घरात ते कुणालाच समजलं नाही. उन्हाळ्यात विचारलं असतं, तर धनश्रीला समजलं असतं.

उज्ज्वला नुसती मान हलवत राहिली, फोन बंद झाला तरी.