पाडव्याची नवी सिस्टीम

मित्रांनो, मी नागभीडच्या दिनेशभाऊंच्या पोस्टरच्या दुकानातला एक संगणक आहे. मला जुना म्हणायची घाई करू नका. कारखान्यातून निघून मला जेमतेम चार वर्षं झाली. पण माणसांची रीत न्यारी. बैल थकला तर त्याला चारा घालतात, यंत्र थकलं की भंगारवाला आठवतो.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघरी पाहुणे येतात आणि रात्री नाटक होतं. त्या नाटकांची पोस्टरं मीच रंगवतो. नायकाच्या मिशा किती मोठ्या हव्यात, यावरची भांडणं मी निमूट ऐकली आहेत. "दिनेशभाऊचा कम्प्युटर म्हणजे घोडा!" असं नाटकवाले म्हणत.

दिनेशभाऊ मुहूर्ताचे पक्के. नवं काही करायचं तर दिवाळीच्या पाडव्यालाच. यंदा त्यांनी मला हळदकुंकू लावलं आणि ऐन नाटकांच्या हंगामाच्या तोंडावर माझ्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. झालं! ते चहा पिऊन परतत, तरी माझं एक अक्षर उमटलेलं नसे. मग ते चिडून बटणच बंद करत.

"बुढा झाला हा," ते म्हणाले. "उद्या भंगारवाल्याले देऊन टाकतो."

माझा तर जीवच गोठला.

पण माधवीबाई, त्यांची बायको, नवऱ्याला ओळखून होत्या. "अजी, थांबा ना! आपल्या रश्मीचा लॅपटॉप तर याच दिवाळीतला हाय. त्यातबी हीच नवी सिस्टीम. तो काऊन रेंगून राह्यला? जन्मताच बुढा झाला का?"

भाऊबीजेला आलेली दिनेशभाऊंची पुतणी रश्मी माझ्यासमोर बसली आणि हसू लागली.

"काकाजी, हा बिमार नाई. याच्या घरी मंडई भरली!"

मग तिने समजावलं. सिस्टीम बनवणारे आपल्या दांडग्या यंत्रांवर ती बनवतात. यंत्रात जागा वाढलेली दिसली की कामंही वाढवतात. एक प्रोग्राम हवामान सांगतो, एक पडद्यावरच्या खिडक्या नाचवतो, एक फोटोंच्या प्रती दूर पाठवतो. न बोलावलेले हे पाहुणे नव्या यंत्रालाही दमवतात. शिवाय नवी सिस्टीम सुरुवातीला सगळ्या फायली चाळून घेते.

"अन् तुम्ही दरवेळी बटण दाबून त्याले अर्ध्या जेवणातून उठवता," रश्मी म्हणाली. "बिचारा उपाशीच राहते."

तिने नको ते पाहुणे बंद केले, जवळच्या वडशाहून मेमरीची पट्टी आणून बसवली आणि मला शांतपणे काम पुरं करू दिलं. सकाळी दिनेशभाऊंनी क्लिक केलं, तर मिशा चटकन उमटल्या! भंगारवाला दारात उभाच होता. त्याच्या हाती दुकानाची जुनी गंजलेली पाटी देऊन दिनेशभाऊंनी माझ्यावरची धूळ खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

म्हणून सांगतो मित्रांनो, नवं जरूर घाला, पण ऐन घाईत नको. आणि तुमचं यंत्र रेंगाळलं, तर त्याचं वय विचारण्याआधी त्याच्या डोक्यावर काय काय लादलंय, ते एकदा बघा.