ओळखणाराची सही

"ह्यो पिवळ्या शर्टवाला का? का त्यो मिशीवाला?" गौराबाईने टीव्हीच्या काचेला जवळजवळ नाक लावून विचारलं.

"काकी, बाजूला व्हा! काय दिसत नाय!" मागची पोरं ओरडली.

मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भर दुपारी ताडपत्र्या बांधून अंधार केला होता. कर्जतहून भाड्याने आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ चौरंगावर ठेवला होता. गौराबाईचा मुलगा मंगळ्या भोईर किक-बॉक्सिंगचा राज्य विजेता. तो सिनेमात गेल्याला तीन वर्षं झाली होती. या सुट्टीत तो आपण काम केलेला सिनेमा बरोबर घेऊन आला होता, आणि खालापूरच्या अलीकडचं ते सगळं गाव तो बघायला जमलं होतं. सिनेमा संपत आला तरी मंगळ्या कुणाला दिसला नव्हता.

हिरामण खांबाला टेकून उभा होता. त्याला मंगळ्या आतापर्यंत चार वेळा दिसला होता. पहिल्यांदा दिसला तो हिरो ट्रकवरून उडी मारून गुंडाच्या छातीत लाथ घालतो तेव्हा. कॅमेरा पाठीमागे होता. शर्ट हिरोचा, केस हिरोचे. पण लाथ उचलण्याआधी डावी टाच जमिनीपासून बोटभर सुटली, आणि हिरामणच्या तळहातांना मुंग्या आल्या.

ती टाच गावात फक्त त्यालाच ठाऊक होती. सहा वर्षं त्याने पाय फाकवून, खांदे घट्ट करून मंगळ्यासाठी पॅड धरलं होतं. पॅड कसलं, गोणपाटात भाताचा पेंढा ठासून सायकलच्या ट्यूबने आवळलेली उशी. दर रविवारी दोघं सायकलवर डबलसीट कर्जतच्या क्लासला जायचे. तिथे कल्याणचे एक सर यायचे. दोघं एकाच महिन्यात शिकायला लागले. पुण्याच्या स्पर्धेत हिरामण पहिल्याच फेरीत गुणांवर हरला, मंगळ्या सुवर्णपदक घेऊन आला. वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला गावात आला तेव्हा मंगळ्या लाथ मारतोय आणि हिरामण पॅड धरून उभा, असा फोटो त्याने घेतला. छापून आला त्यात मंगळ्या पूर्ण होता. हिरामणचे मनगटापर्यंतचे दोन हात आले होते. ते कात्रण गौराबाईने देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. हिरामण तिच्याकडे चहाला गेला की ते हात त्याच्या समोर असायचे.

आता मंगळ्याचंही तोंड दिसत नव्हतं. हिरामणला ते बघून बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं संपू नये असंही वाटत होतं.

"मंगळ्या, लेका, तू तिकडं चहा द्यायला होतास का?" पोलीस पाटील मालोजीने हाक दिली. मंडप हसला.

मंगळ्याही हसला. सतरंजीवर तो मांडी घालून बसला होता. गुडघ्याला पट्टी होती.

"अरं, सांग की. कुठला तू?" गौराबाई त्याच्याकडे वळली.

"मी नाय सांगायचं, आये. फाइट मास्टरला शब्द दिलाय. हिरोची लाथ ती हिरोचीच."

"म्हंजे नायच!" मालोजी म्हणाला. "ह्याचं सगळं बिनपुराव्याचं."

मंगळ्याचा चेहरा जरा उतरला. मग त्याने मान वळवून खांबाकडे बघितलं. "त्या हिरामणला इचारा. त्यो वळखील. सहा वरसं लाथा खाल्ल्यात त्यानं माझ्या."

या वेळचं हसू मोठं होतं. पोरं तर लोळली. मंगळ्याने ते प्रेमाने म्हटलं होतं, हे हिरामणला कळत होतं. तरी त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

गौराबाई त्याच्याजवळ आली. "हिरामण, तू सांग रं बाबा. दिसला का तुला?"

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. काचेवर हिरो कठड्यावरून खाली झेपावत होता. डावी टाच उचलली गेली.

"नाय काकी," हिरामण म्हणाला. "मला नाय वळखू येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालापूरच्या एसटी थांब्यावर मंगळ्या मुंबईच्या गाडीची वाट बघत होता. हिरामण तहसील कचेरीच्या ओट्यावर टाइपरायटर घेऊन अर्ज, प्रतिज्ञापत्रं लिहायचा. त्यालाही तिथूनच जायचं होतं. चुकवता आलं नाही.

"अजून डावी टाच उचलतोस," हिरामण म्हणाला. हे आपण का बोललो, ते त्याला समजलं नाही.

मंगळ्या बघत राहिला. "म्हंजे दिसलो तुला."

हिरामणने बॅगेचा पट्टा नीट केला.

"किती येळा?"

"पाच."

"सहा. आगीतला धरला नाय तू." एसटी आली. मंगळ्याने पट्टीचा पाय आधी पायरीवर ठेवला, मग दुसरा. खिडकीत बसल्यावर म्हणाला, "मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. आयेला सांगायचंस रं."

आठ महिन्यांनी निरोप आला. एका स्टुडिओत दुसऱ्या मजल्यावरून उडी होती, खाली गाद्या कमी पडल्या. गावात मंगळ्या झाकलेलाच आला. त्या दिवशीही त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही.

दिवाळीनंतर गौराबाई कचेरीच्या ओट्यावर आली. बरोबर मालोजी होता.

"पोराची पेटी अंधेरीला खोलीत पडलीय," तिने हिरामणला सांगितलं. "मेडल हाय त्यात. फाइटरांची युनियन म्हनते, आमच्याकडं मंगेश बी. नावाचा मानूस होता. रेशन कार्डावर मंगळ धर्मा. दोगं एकच हायत असा कागूद आना."

हिरामणने स्टँप पेपर मशीनवर चढवला. ही कामं तो झोपेतही करू शकला असता. 'वरील दोन्ही नावांचा इसम एकच असून...' खाली गौराबाईच्या अंगठ्याची जागा. तिच्या खाली 'ओळखणाराची सही'. चौक गावापासून खोपोलीपर्यंतच्या, कधी न बघितलेल्या शेकडो माणसांना हिरामणने त्या रेघेवर ओळखलं होतं. लोक आपल्याबरोबर कुणाला आणायला विसरत. तो सही ठोकून द्यायचा.

त्याने खिशातलं पेन काढलं.

"तू नको," गौराबाई म्हणाली. "मालोजीला आनलाय."

"काकी, मी करतो की. मी लहानपनापासनं..."

"तू तर बोल्लास, तुला वळखू येत नाय." तिच्या आवाजात राग नव्हता. ती त्याला समजावत होती. "हिथं शपथ असती म्हनं. माझ्यापायी तुला खोटं नको."

मालोजी उगाच अंगणातल्या जीपकडे बघू लागला.

"काकी." हिरामणने पेन खाली ठेवलं. "त्या पिच्चरमधी मंगळ्या होता. ट्रकवरनं उडी मारली तो त्योच. कठड्यावरनं झेप घेतली तो पन. सहा येळा होता. मी वळखला होता."

गौराबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. मग त्याच्या दंडावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे रं. मला बरं वाटावं म्हनून कशाला बोलतोस."

तिने स्वतःहूनच शाईच्या पॅडवर अंगठा टेकला आणि कागदावर उठवला. मग शाईचा अंगठा पदराला न लावता तो हवेत धरून उभी राहिली.

मालोजी सही करायला वाकला. त्याचं अक्षर सावकाश, एकेक काना खाली ओढत जाणारं. ओट्यावर वारा होता, कागद सरकत होता. हिरामणने दोन्ही हातांनी कागदाच्या कडा दाबून धरल्या, पाय जरा फाकवून, खांदे घट्ट करून. सही पूर्ण होईपर्यंत त्याने हात हलू दिले नाहीत.