ज्याचं त्याचं ताट

हॉटेलात जेवायला निघण्याआधी घरी पोटभर जेवणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे? नसेल तर टाचणीला पाहा. शनिवारी संध्याकाळी सात वाजता ती ओट्याशी उभ्याउभ्या भात खात होती. अंगात ठेवणीतला ड्रेस आणि त्याच्यावर डाग पडू नये म्हणून गळ्यात टॉवेल.

"अजून वाढू?" सासूबाईंनी विचारलं.

"वाढा थोडा."

"कमाल आहे बाई तुझी! मग हॉटेलात जाऊन काय करणार, खुर्च्या मोजणार?"

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कॉलेजात असल्यापासून ती शिवणकाम करायची, तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, आणि अंगानेही तशीच. मित्रांनी नाव ठेवलं ते चिकटलं. आता चाळिशी उलटली तरी सुटलं नाही. एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती कपडे दुरुस्त करायची. कुणाच्या पँटची चेन बदल, कुणाचा कोट आत घे, कुणाच्या बाह्या आखूड कर. पगार नाही, नगावर पैसे. त्यामुळे जगातली कुठलीही किंमत तिच्या डोक्यात चेनींमध्येच, म्हणजे एक चेन बदलण्याच्या मजुरीतच, उमटायची. छत्री म्हणजे चार चेनी. मुलीचे बूट म्हणजे अकरा. आणि मित्रांबरोबरचं महिन्याचं एक जेवण म्हणजे अठरा.

अठरा चेनी! आणि एवढे पैसे मोजून बाईसाहेब खायच्या काय, तर एक वाटी सूप.

हे असं का, ते सांगतो. चार जणांची जुनी दोस्ती. टाचणी, मास्तर, दातवाली आणि शेठ. मास्तर शाळेत गणित शिकवायचा. दातवालीचा स्वतःचा दातांचा दवाखाना होता. आणि शेठ बाथरूमच्या फरश्या विकायचा, पण खिशात दमडी नसतानाही तो ऑर्डर शेठजीसारखीच द्यायचा म्हणून तो शेठ. महिन्यातून एका शनिवारी चौघं बाहेर जेवायचे, आणि बिल आलं की मास्तर त्याचे सरळ चार समान भाग करायचा. वीस वर्षं हाच नियम. शेठने तीन पदार्थ खाऊन वर दोन पेले रिचवले तरी चौथा हिस्सा, आणि टाचणीने सूप प्यायलं तरी चौथा हिस्सा.

मग ती सूप तरी कशाला प्यायची? समान पैसे द्यायचे तर समान खावं ना! पण नाही. तिला आशा होती. आपण कमी खाल्लं की एकूण बिल कमी होईल, आणि एखाद दिवशी कुणाच्या तरी लक्षात येईल, की अरे, हिचा हिस्सा एवढा कसा? कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट "एवढंच?" असं शेठने विचारलं तेव्हा ती पटकन म्हणून गेली, "पोट जरा बरं नाही रे." पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. एक वर्ष तिचं पोट बरं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे दुसरं काय!

आणि आज तर गोष्ट गळ्याशी आली होती. बाजाराच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली एक छोटा गाळा रिकामा झाला होता. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि एक आरसा मावेल एवढाच. टाचणीने तो पाहिला आणि तिचा जीव तिथेच अडकला. दोन वर्षं साठवलेले पैसे बरोबर अनामत रकमेएवढे भरत होते, वर पाच चेनी उरत होत्या. सोमवारी सकाळी दहा वाजता पूर्ण रक्कम आणून दे, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं मालकाने स्वच्छ सांगितलं होतं. आणि शुक्रवारी शेठचा निरोप आला, की या वेळी नेहमीचं हॉटेल नाही, ते गच्चीवरचं, काचेचं. तिच्या दुकानाच्या मालकीणबाई तिथे एकदा जेवून आल्या होत्या आणि आठवडाभर बिलाबद्दल बोलत होत्या. चौथा हिस्सा चाळीस चेनींच्या खाली येणार नव्हता.

"जाऊच नको," असं सासूबाई म्हणतील असं तिला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "जा. आणि तोंड उघड. कपडे शिवता शिवता तोंडही शिवून घेतलंस की काय?"

"आई, वीस वर्षांची दोस्ती आहे. पैशांवरून वाईटपणा..."

"भीड भिकेची बहीण असते, एवढं लक्षात ठेव. आता टॉवेल काढ गळ्यातला, तशीच जाशील."

हॉटेल म्हणजे काय थाट! पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, आणि रुमाल असे घडी केलेले की ते उलगडायचे कसे हाच प्रश्न. टाचणीने आधी सवयीने टेबलक्लॉथची कड उलटून शिलाई पाहिली. शिलाई चांगली होती. मग तिने मेनू उघडला आणि नेहमीप्रमाणे उजव्या बाजूने वाचायला सुरुवात केली. सगळ्यात स्वस्त सूप चार चेनींचं होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. पण चार परवडत होत्या. चाळीस परवडत नव्हत्या. आज बोलायचंच, असं तिने जिना चढताना सात वेळा ठरवलं होतं, आणि खुर्चीत बसताच ते बिल येईपर्यंत पुढे ढकललं.

शेठने वेटरला बोलावून दणकून ऑर्डर दिली. स्वतःसाठी तीन पदार्थ, वर पेला. दातवालीने मासा मागवला, मास्तरने कोंबडी.

"आणि हिच्यासाठी सूप," शेठ म्हणाला. "काय आहे, या हॉटेलचं सूप अगदी हलकं असतं. तूप नाही, मसाला नाही. म्हणून तर इथे आलो."

"म्हणून म्हणजे?" टाचणीने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दातवालीने तिचा हात हातात घेतला. "हे बघ, घाबरू नकोस. मंगळवारी अकरा वाजता. शहरातला सगळ्यात मोठा पोटाचा डॉक्टर आहे, तीन महिने त्याच्या मागे लागलेय मी. फी आम्ही तिघांनी भरली आहे. तू फक्त ये. एक वर्ष झालं गं, तू काही खात नाहीस." आणि ती बोलता बोलता रडायलाच लागली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! तिच्याच थापेमुळे ही मंडळी तिला या सोन्याच्या भावाच्या सूपापाशी घेऊन आली होती. बिलाची आकडेमोड करत ती इथे बसत होती, आणि हे तिघं तिच्या मरणाची काळजी करत बसत होते. तिला अशी लाज वाटली, अशी लाज वाटली, की टेबलाखाली जावंसं वाटलं. आणि त्या लाजेच्या मागोमाग रागही आला, स्वतःचाच.

"मला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," मास्तर हळूच म्हणाला.

"अरे, खरंच नाही! मी घरून जेवून येते. दर वेळी. आत्तासुद्धा भात खाऊन आलेय, दोनदा घेऊन. मला इथलं परवडत नाही. सूप मागवलं तर बिल कमी येईल, म्हणून मी पोटाचं निमित्त केलं. एक वर्ष खोटं बोलले. चुकलं माझं."

वेटर पाव ठेवायला आला होता, तो पाव हातात धरून तसाच उभा राहिला.

मग शेठचा आवाज चढला. "म्हणजे आम्ही मूर्ख? माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आज सूप, उद्या सूप. सहा महिन्यांत गेले ते. तुझ्याकडे बघून मला दर महिन्याला घरी जाऊन झोप येत नव्हती, कळतंय का तुला?"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मान खाली घातली नाही. "कळतंय. म्हणून तर माफी मागतेय. मनापासून."

शेठने पाण्याचे दोन घोट घेतले. तो मनाने वाईट नव्हता, कधीच नव्हता. "सांगायचं ना मग आधीच. मी भरले असते तुझे. आजचेही मी भरतो. जा, विषय संपला."

बघा हं. इथे ती "बरं" म्हणाली असती तर गाळा तिचा होता. अनामत रक्कम शाबूत, दोस्तीही शाबूत, आणि वाईटपणा कुणाशीच नाही. तिच्या ओठांवर "बरं" आलंही होतं. पण तिला पुढचा महिना दिसला, त्याच्या पुढचा दिसला, आणि शेठने बिल भरताना दरवेळी मारलेली एक कौतुकाची थापही पाठीवर जाणवली.

"नको," ती म्हणाली.

"अगं, पण का?"

"मला कुणी माझं भरायला नको आहे. मला माझं भरायचंय. फक्त माझं. सोमवारी मी गाळा घेतेय, शेठ. स्वतःचा. त्याचे पैसे बरोबर मोजून ठेवलेत मी. आज चौथा हिस्सा दिला तर गाळा जातो. आणि तू माझा हिस्सा भरलास तर गाळा मिळेल, पण मी या टेबलावर पाहुणी होईन. मला पाहुणी व्हायचं नाही."

मास्तरने घसा साफ केला. "पण सारखे भाग करायचा नियम तर तूच केला होतास. कॉलेजच्या कँटीनमध्ये."

"मीच केला होता. तेव्हा ताट एक होतं आणि खाणारी तोंडं चार. चौघांनी मोजून सारखे घास खाल्ले, म्हणून पैसेही सारखे. आता ताटं चार आहेत, मास्तर. तू गणित शिकवतोस ना पोरांना? मग वीस वर्षं काय भागत बसलायस?"

एक घाव दोन तुकडे झाले होते, आणि टाचणीला आता थांबायचं नव्हतं. पाव धरून उभ्या असलेल्या वेटरकडे ती वळली. "चार वेगळी बिलं करा, भाऊ. ज्याचं त्याचं."

"मॅडम, ऑर्डर आधीच एकत्र गेलीय..."

"पदार्थ तर अजून यायचेत ना? मग बिल कसं आधी झालं?"

वेटरच्या गालावर खळी पडली. "करतो," तो म्हणाला आणि पाव ठेवून झपाट्याने निघून गेला.

जेवण झालं, पण शेठ गप्प गप्प होता. टाचणीने सूप प्यायलं. खोटं काय सांगू, सूप खरंच छान होतं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिला त्याची चव लागली. तरी तिचं लक्ष शेठच्या चेहऱ्याकडेच होतं. हा आता उठून गेला तर? वीस वर्षं या माणसाने तिच्या प्रत्येक अडचणीला धाव घेतली होती. गाळा मिळेल आणि हा जाईल, असं तिला सारखं वाटत होतं.

बिलं आली. चार छोट्या कागदांवर चार. टाचणीचा कागद बोटभर. शेठचा कागद मात्र टेबलावरून खाली लोंबत होता. त्याने तो उचलला, चष्मा लावला, वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"हे सगळं मी खाल्लं?"

"आणि प्यायलं," दातवाली म्हणाली.

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला," मास्तर म्हणाला, आणि मग या सरळमार्गी माणसाच्या तोंडून वीस वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. "मी दारूला शिवतही नाही रे! तुझ्या पेल्यांचे एवढे पैसे मी भरलेत, की आजवर मला निदान एकदा तरी चढायला हवी होती!"

आधी दातवालीला हसू फुटलं. मग टाचणीला. शेवटी शेठ असा गडगडून हसला की काचा हलल्या. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं. "तू बरी आहेस ना पण? नक्की?" त्याने टाचणीला विचारलं.

"घोड्यासारखी."

"मग झालं तर."

मंगळवारची डॉक्टरची वेळ शेठने स्वतःच्या नावावर करून घेतली. तो कागद वाचल्यावर त्याला आपल्याच पोटाची काळजी वाटायला लागली होती.

सोमवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना टाचणी गाळ्यावर पोहोचली. मालकाने पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. संध्याकाळपर्यंत मशीन आलं, आरसा लागला. सासूबाईंनी स्वतः फरशी पुसली आणि आल्यागेल्याला "माझ्या सुनेचं दुकान" असं न विचारताच सांगितलं.

दिवे लागायच्या वेळी शेठ दारात उभा. हातात पँट. "कंबर दोन बोटं सैल करायची आहे," तो म्हणाला. "किती घेशील?"

वीस वर्षांत टाचणीने या तिघांचं शिवण फुकट केलं होतं. बटणं, बाह्या, दातवालीच्या दवाखान्याचे पडदे, सगळं. "राहू दे रे, तुझ्याकडून काय घ्यायचं," हे शब्द तिच्या जिभेला पाठ होते. सासूबाई इस्त्रीच्या टेबलाशी रुमालाची घडी घालता घालता थांबल्या.

टाचणीने पँट उलटी केली, कंबरेचा पट्टा बोटाने चाचपला, आत किती कापड सोडलंय ते पाहिलं. मग मान वर करून, शेठच्या डोळ्यांत बघून, आवाज जराही न उतरवता तिने आपला भाव सांगितला. पूर्ण.

"आगाऊ देऊ?" शेठने विचारलं.

"निम्मे आता, निम्मे नेताना," ती म्हणाली आणि पावतीपुस्तकाचं पहिलं पान उघडलं.