पित्तराचं पान

दत्तप्रसादने तांब्यातलं पाणी पायांवर ओतायला सुरुवात केली, तेव्हा डॉ. श्याम आगाशे पाय मागे घेणार होते; पण तोवर ते भिजलेही होते.

पेशंटच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. मनोविश्लेषण ते झुरिकला शिकले. तिथल्या गुरुजनांना आपल्या मंडलांचं आणि कुंडलिनीचं भारी कौतुक. सदाशिव पेठेत दवाखाना थाटला, तर इथल्यांना झुरिकचं. देवाणघेवाण सुखाने चालली होती.

दत्तप्रसाद यवतमाळकडचा, आयटीतला. अमेरिकेतल्या क्लायंटचं काम अडलं होतं म्हणून वडिलांच्या शेवटच्या आजारपणात गेला नाही. वडील वाट बघून गेले, आणि याची झोप गेली. दवाखान्यात तो डॉक्टरांवरच चिडायचा, रडायचा. डॉक्टरांनी एकदा समजावलं, "हे सगळं तुम्ही मला नाही, वडिलांना ऐकवताय. ऐकवा. त्यासाठीच मी इथे आहे."

पितृपक्ष लागला आणि त्याने जेवणाचं आमंत्रण दिलं.

"पेशंटकडे मी जेवत नाही."

"आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या जागी कुणालातरी बसवून जेवू घालतात, सर. पित्तर म्हणतात त्याला. दुसरं कोण बसवू? बाबांशी बोलावं तसं मी तुमच्याशीच बोललोय."

यावर झुरिकला काही शिकवलेलं नव्हतं. म्हणून ते खडकीच्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाटावर बसले होते.

त्याची आई, वेणूबाई, वाढत होत्या. खीर, उडदाचे वडे, कढी.

"कढी घ्या जी अजून. यायले लय आवडे."

डॉक्टरांना कढी सोसत नसे. त्यांनी दोन वाट्या घेतल्या.

जेवण झालं. दत्तप्रसाद पानासमोर येऊन बसला. रिवाजाप्रमाणे हात जोडून त्याने विचारलं, "पोट भरलं?" आणि मग, रिवाजात नसलेलं, "बाबा, राग नाही ना?"

दवाखान्यात असा प्रश्न आला की डॉक्टर 'तुम्हाला काय वाटतं?' म्हणून तो परत करत. तसं करायचं नाही, तर मग झुरिकची ती सारी वर्षं कशासाठी? वेणूबाई कढीचं भांडं हातात धरून उभ्या होत्या.

"नाही रे," डॉक्टर म्हणाले. "तुझं काम होतं. मला कळत होतं."

दत्तप्रसाद भिंतीला टेकला, आणि थोड्या वेळाने डोळा लागून त्याची मान कलली. खोटं बोललो असं डॉक्टरांना वाटलं नाही. उलट बरं वाटलं, इतकं की तिथून हलावंसं वाटेना.

वेणूबाईंनी मुलाकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता उठा जी. पित्तर उठल्याबिना घरच्याइले जेवता येत नाही."