आंब्यावरचा संशयित

मित्रांनो, माझे वय जाणून घ्यायचे असेल तर माझ्या पितळी झाकणावरचे ओरखडे पाहा; माझ्या सांगण्यावर विसंबू नका. मी वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेच्या गळ्यात दोरीने लटकणारे जुने भिंग आहे. माझी काच अंबाल्याच्या एका कारखान्यात घासली गेली. तिथून मी अमरावतीच्या एका दुकानात आले. साधना मॅडमनी मला विकत घेण्याआधी छापील कागदावर धरून अक्षरांच्या कडा वाकड्या दिसतात का, ते तपासले. मला बरे वाटले. जी व्यक्ती भिंगावरही संशय घेते, तिच्या हाती भिंग सुरक्षित असते.

रानातली ऑर्किडे ओळखणे हे आमचे काम. त्यासाठी आम्ही चिखलदऱ्याच्या उतारांवर फिरत असू. फूल दिसताच विद्यार्थी नाव घेत. मॅडम नाव सर्वांत शेवटी घेत. ओठासारख्या पाकळीचा आकार, तिच्यावरचे उंचवटे, परागकणांचे पिवळे गोळे हे सारे माझ्याखालून गेल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. सहलीवर मला हातात घेण्यासाठी विद्यार्थ्यांची रांग लागे.

पुढे फोनच झाडांची नावे सांगू लागले. मॅडमचेही कार्यालयीन काम वाढले, रान दुरावले. मी टेबलाच्या खणात पडून राहिले आणि माझ्या काचेच्या कडेला बुरशीचा एक धागा उगवला.

गेल्या उन्हाळ्यात मॅडमची विद्यार्थिनी रागिणी हिचा फोन आला. चांदूर बाजारजवळ तिचे वडील किसनराव यांची संत्र्याची बाग आहे. बागेच्या बांधावर जुना आंबा आहे. त्याची एक मोठी फांदी शेंड्याकडून वाळू लागली होती. त्या भागात पावसाळ्याआधी झाडांवरची बांडगुळे तोडतात, कारण पक्षी त्यांची चिकट फळे खाऊन बिया इतर झाडांवर पसरवतात. किसनरावांनी ठरवले होते की आंब्यावर जे आंब्याचे नाही, ते सगळे उद्या उतरवायचे. त्यातला एक झुबका ऑर्किडचा आहे, असे रागिणीचे म्हणणे होते. पुरावा म्हणून तिने वडिलांना आपला फोन दाखवला होता. फोनने पूर्ण आत्मविश्वासाने दुसऱ्याच खंडातल्या एका वनस्पतीचे नाव दिले होते.

"हा फोन मले रोज लॉटरी लागली म्हणून सांगते," किसनराव म्हणाले होते. "याच्या बोलण्यावर झाड सोडू का?"

मित्रांनो, या बाबतीत मी किसनरावांच्या बाजूचे होते.

मॅडमनी मला खणातून काढून गळ्यात घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर पोहोचलो. शिडी लावून झाली होती आणि किसनरावांच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. मॅडमनी वर चढून माझ्यातून बराच वेळ पाहिले. हे ऑर्किडच आहे, पण फुलाशिवाय जातीचे नाव सांगणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

"मॅडम, तुमच्या काचेत बारीक गोष्ट मोठी दिसते," किसनराव म्हणाले. "खरी दिसते का, ते सांगा."

"मी सांगून काय उपयोग? तुम्हीच चढा," असे म्हणून मॅडमनी खाली उतरून दोरी त्यांच्या गळ्यात घातली.

सगळेच करतात तसे त्यांनीही मला हातभर लांब धरले. "बाबा, काच डोळ्याले लावा, अन् डोकं फांदीजवळ न्या," रागिणीने खालून सांगितले. तेव्हा मला पट्टीसारखी जाड, दोन रांगांत रचलेली पाने स्पष्ट दाखवता आली. सालीवर बोरूएवढी जाड, राखाडी मुळे पसरली होती. मॅडमच्या सांगण्यावरून रागिणीची आई माणिकबाई यांनी तांब्या वर दिला. किसनरावांनी एका मुळावर पाणी सोडले. मुळाचे स्पंजासारखे आवरण ओले झाले आणि राखाडी रंगाखालून हिरवा उमटला. रागिणीला वाटले, आता वडिलांची खात्री पटली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हिरवे झाले, म्हणजे ते स्वतः अन्न बनवते; पण तेवढ्याने ते निर्दोष ठरत नाही. बांडगुळाची पानेही हिरवीच असतात. एखाद्या मुळाचे टोक नखाने उचलून खालची साल बघा."

किसनरावांनी टोक उचलले. मी शोधले, कारण दोष शोधणे हा माझा स्वभाव आहे. पण सालीत छिद्र नव्हते, जखम नव्हती. मग ते फांदीवर पुढे सरकले. शेंड्याच्या बाजूला रुंद, चामड्यासारख्या पानांचे बांडगूळ होते. त्याच्या बुडाशी मोठी गाठ होती. बांडगूळ कुठे संपते आणि आंबा कुठे सुरू होतो, हे माझ्यातूनही सांगता येईना. वाळलेला सारा भाग त्या गाठीच्या पलीकडे होता.

किसनरावांनी हे सारे वरून सांगितले, तेव्हा माणिकबाई खालून म्हणाल्या, "म्हंजे एक ओट्यावर टेकेल पाहुणा हाय, अन् दुसरा चुलीपर्यंत घुसेल."

किसनरावांनी खाली ठेवलेली कुऱ्हाड मागितली. रागिणीने ती वर दिली, पण दांडा लवकर सोडला नाही. गाठीचे तंतू लाकडात आत पसरलेले असतात, म्हणून घाव गाठीच्या हातभर अलीकडे घालावा, असे मॅडमनी सांगितले. तिथून ऑर्किडची मुळे वीतभरच दूर होती. पहिल्या घावाला ऑर्किडची पाने थरथरली. तोडलेला शेंडा बांडगुळासह खाली आला. ऑर्किड जागेवर राहिले.

"हे राहू द्या," किसनराव उतरताना म्हणाले. "पण माही नजर राहीन याच्यावर. पुढच्या उन्हाळ्यात फांदी अजून वाळली, तं याची खैर नाही."

"नजर ठेवाच," मॅडम म्हणाल्या. "मीही येऊन बघणार आहे."

मित्रांनो, संशय घेण्यात काही वाईट नाही. पण तो जमिनीवर उभे राहून घेऊ नका, शिडी लावा. तुमच्या घरी एखादे भिंग पडून असेल तर त्याला ओलाव्यापासून जपा, काच मऊ सुती कापडाने पुसा, आणि ते जे दाखवील तेही दोनदा तपासा. फक्त ही तपासणी कुऱ्हाडीच्या आधी करा. तुटलेले मूळ मी कितीही मोठे करून दाखवू शकते. त्याला पुन्हा सालीवर चिकटवू शकत नाही.