कानपिळीला उभा

लच्छूच्या उजव्या गुडघ्यात लहानपणापासून रक्त उतरायचं. कुठे ठेच लागायचं निमित्त, की गुडघा टम्म फुगायचा आणि स्वारी महिनाभर खाटेवर. तेविसाव्या वर्षी पाय पार आखडला, तेव्हा बापानं त्याला मूल गावाहून रेल्वेनं नागपूरला नेलं. याचं रक्त लवकर थिजत नाही, हे जन्माचंच आहे, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं; पण प्लास्टर बदलत गेलो तर पाय सरळ होईल म्हणाला. तिसऱ्या प्लास्टरला पाय बराच सरळ आला. ते कधी काढायचं ते पत्रानं कळवतो, असं सांगून डॉक्टरनं घरी पाठवलं. लच्छूला जीव टाकून एवढंच हवं होतं, चार माणसांसारखं चालायचं.

पत्र आलं ते चंदाच्या लग्नाच्या आठ दिवस आधी. चंदा त्याची धाकटी बहीण आणि घरातली एकुलती एक वाचणारी. पडेल-झडेल म्हणून लच्छूला शाळा दाखवलीच नव्हती. पण पोरीला तरी घाला, म्हणून त्यानंच बापाचं डोकं खाल्लं होतं. चंदानं पत्र मनाशी वाचलं, जरा थांबली, आणि प्लास्टर काढून टाका असं लिहिलंय म्हणाली. बापानं त्याच दुपारी ते भिजवून कापलं. सगळ्यांना हायसं वाटलं, कारण नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, आणि चंदाला सख्खा भाऊ हा एकच. तो खाटेवर दिसता, तर वरपक्षाच्या बायांनी घराण्यातलं रक्ताचं दुखणं उकरून काढलं असतं. त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

लच्छू मांडवात मिरवला. कान असा पिळला की नवरदेव कळवळला, हशा पिकला, नवं पागोटं मिळालं. वरात निघेपर्यंत गुडघ्यात ऊब भरू लागली होती. ती खूण त्याला पाठ होती.

महिन्याभरानं फुगलेला गुडघा घेऊन तो एकटाच नागपूरला गेला, तर डॉक्टर त्याच्यावरच भडकला. आणखी सहा आठवडे प्लास्टरला हात लावू नका, असं आपण स्पष्ट लिहिलं होतं म्हणाला, आणि लच्छूनं सोबत नेलेलं तेच पत्र वाचून दाखवलं. आता सांधाच खराब झाला, पाय सरळ व्हायचा नाही. लच्छू कुबडी घेऊन घरी आला. घरात कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.

आखाडीच्या सणाला चंदा माहेरी आली. घरचे धानाच्या रोवण्याला शेतातल्या बांधीत गेल्यावर त्यानं तिला विचारलं. तिनं नाकारलं नाही.

"लगन मोडलं असतं, भाऊ," ती खाली मान घालून म्हणाली. "मले वाटलं, आठ-दहा दिवसानं काय होते. मंग पुन्हा बांधून घेशीन."

"मले विचारलं काऊन नाई?"

"तू नाई म्हटलं असतं तं?"

लच्छूला हसूही येईना आणि रडूही. बापानं फसवलं असतं, सोयऱ्यानं फसवलं असतं, तर त्यानं शिव्या घालून मन मोकळं केलं असतं. हिला काय म्हणायचं?

"नाई म्हटलं नसतं," तो म्हणाला. "माहा पाय होता, चंदे. तुह्यासाठी मीच देल्ला असता. तू चोरून नेला."

ती रडत त्याच्या गुडघ्याशी वाकली. त्यानं कुबडी ओढली आणि तिच्या बाजूनं अंगणात निघून गेला. चार दिवसांनी ती सासरी निघाली, तेव्हा सारं घर वेशीपर्यंत गेलं. लच्छू उठला नाही.