मंगळवारची हजेरी

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आधी थेंबकाकांचा शब्द चालायचा, मग प्राध्यापकांचा. हे नाव त्यांना मुलांनी दिलं होतं. ब्युरेटच्या काचनळीची तोटी कुणी जरा सैल सोडली की काका लांबून ओरडायचे, “थेंब थेंब!” आणि फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबीऐवजी गडद झालंच, तर वर ऐकवायचे, “कापड रंगवायला घेतलंयस का?” अठ्ठावीस वर्षं त्यांनी बाटल्या धुतल्या, द्रावणं बनवली, फुटक्या काचा वेचल्या आणि प्रत्येक प्रॅक्टिकलची हजेरी लिहिली. नावं पुकारण्याची भानगड त्यांनी कधी ठेवली नाही. प्रत्येकाचं स्टूल ठरलेलं होतं. काका दारात उभे राहून एकदा नजर फिरवायचे आणि रिकाम्या स्टुलाच्या नावापुढे वहीत लाल ‘अ’ पडायचा. या वहीत त्यांनी कधी खाडाखोड केली नव्हती, आणि त्याचा त्यांना भलताच तोरा होता.

सातव्या स्टुलावर डावखुरी बसायची. हे नाव मात्र काकांनी ठेवलेलं. पहिल्या मंगळवारी तिचा हात तोटीशी अवघडताना त्यांनी पाहिला आणि पुढच्या वेळेपासून तिचा स्टँड ते आधीच उलट्या बाजूनं लावून ठेवू लागले. तिनं मागितलं नव्हतं, त्यांनीही बोलून दाखवलं नाही. मुलीचा हात इतका हलका, की शेवटचा अर्धा थेंब ती टोकावर लोंबकळत ठेवायची. काका मनातून बेहद्द खूश व्हायचे आणि तोंडानं म्हणायचे, “टेबल पूस.”

तिसऱ्या-चौथ्या मंगळवारी मात्र तिचं काहीतरी बिनसलं. भरलेल्या ब्युरेटकडे ती नुसती बघत बसली. केस विंचरलेले नव्हते. “टेबल पूस” म्हटल्यावर तिनं फडकं हातात घेतलं, आणि तास संपेपर्यंत ते हातातच राहिलं. पाचव्या मंगळवारी सातवं स्टूल रिकामं होतं.

काकांना हे सगळं ओळखीचं होतं, नको तितकं ओळखीचं. त्यांचा धाकटा भाऊ कॉलेजात असताना असाच बसायचा. घरच्यांनी त्याला आळशी म्हटलं, नाटकी म्हटलं, काकांनीसुद्धा म्हटलं. हजेरी भरली नाही म्हणून त्याचं वर्ष गेलं आणि त्या वर्षामागोमाग शिक्षणही गेलं. आता तो रोपं विकतो, बरं चाललंय त्याचं. पण कॉलेजचा विषय निघाला की खुरपं घेऊन मागच्या बाजूला निघून जातो. त्याला म्हटलेलं एकेक वाक्य काकांना अजून पाठ होतं.

बारापैकी नऊ प्रॅक्टिकल भरली नाहीत, तर परीक्षेला बसता येत नसे. काकांनी लाल पेन खिशात ठेवलं, निळं काढलं आणि डावखुरीच्या नावापुढे ‘ह’ लिहिला. त्या दिवशी ते शीळ घालत घरी गेले. सहाव्या मंगळवारी पुन्हा ‘ह’. सातव्या मंगळवारीही ‘ह’.

त्यानंतरच्या सोमवारी समुपदेशक मॅडम दारात उभ्या राहिल्या. कॉलेजनं त्यांना याच वर्षी नेमलं होतं. मन आजारी पडलेल्या मुलांना डॉक्टरांपर्यंत नेणं, परीक्षेत सवलती मिळवून देणं, हे त्यांचं काम. बाईंचं वय काकांच्या नोकरीएवढंच असेल, त्यामुळे काकांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नव्हतं.

“काका, सात नंबरची मुलगी गेल्या मंगळवारी आली होती का?”

काकांनी बाटलीवरचं चांगलं चिकटलेलं लेबल पुन्हा दाबलं. “का हो?”

“तिच्या खोलीतली मैत्रीण सकाळी माझ्याकडे आली होती. म्हणाली, ती तीन आठवडे अंथरुणातून उठलेली नाही. या मैत्रिणीनं ताट पुढ्यात ठेवलं तर चार घास खाते. आणि तुमच्या वहीत तर ती हजर आहे.”

खरं सांगावं तर मुलीचं वर्ष जाणार, आणि आपल्यावरही शेकणार. काका म्हणाले, “येत असते.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या. काकांनी सुटकेचा श्वास टाकला खरा, पण दुपारी डबा उघडला तसाच बंद केला. दुसऱ्या दिवशी, आठव्या मंगळवारी, दोन्ही पेनं हातात घेऊन ते वहीपुढे बसले आणि ती जागा कोरीच सोडून उठले.

शुक्रवारी दुपारी डावखुरी स्वतःच आली. मॅडम तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. नैराश्य आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. प्रयोगशाळा रिकामी होती. ती दाराशीच थांबली.

“काका, माझी हजेरी तुम्ही लावलीत?”

“तू नको काळजी करू, बाळा. वर्ष नाही जाणार तुझं. मी आहे ना.” इथे तिनं निदान हसावं, अशी काकांची अपेक्षा होती.

ती हसली नाही. “पहिल्या दिवशी तुम्हीच वाचून दाखवलं होतंत, की लागोपाठ दोन प्रॅक्टिकल बुडाली की नाव मॅडमकडे जातं आणि त्या फोन करतात. मला आपणहून कुणाकडे जायला जमत नव्हतं, काका. पाय उचलत नव्हता. म्हणून मी एवढंच ठरवलं होतं, फोन आला की उचलायचा. रोज उशाशी ठेवून झोपायचे. फोन आलाच नाही. मग वाटलं, मी नाहीये हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.”

ती नोटीस त्यांनीच वाचली होती, भाराभर नोटिसांमधली एक म्हणून. लाल ‘अ’ म्हणजे शिक्षा, एवढंच त्यांना आजवर ठाऊक होतं. त्या ‘अ’ची कुणी उशाशी फोन ठेवून वाट बघत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. विद्यार्थ्यापुढे हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले. “मीच निस्तरतो. पण मग तुझे तीन ‘ह’ जातील.”

“जाऊ देत,” ती म्हणाली. “ते माझे नव्हतेच.”

वही काखेत मारून काका थेट विभागप्रमुख सरांपुढे जाऊन उभे राहिले. जाता जाता समुपदेशक मॅडमनाही त्यांनी सोबत घेतलं आणि वाटेतच त्यांच्याजवळ सगळं कबूल केलं. सरांनी ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मेमो मिळेल.” काकांनी मान डोलावली. मग सरांनी बोटांवर हिशेब केला. “आठपैकी चार भरली, चार उरली. सगळी केली तरी आठच होतात. एक कमी पडतंय.”

“आजारी मुलांसाठी शनिवारी जादा प्रॅक्टिकल घेता येतं, सर,” मॅडम म्हणाल्या.

“ते हातपाय मोडलेल्यांसाठी असतं.”

“नियमात हातपाय नाहीत, आजार म्हटलंय. डॉक्टरांचं पत्र माझ्याकडे आहे. एका दमात तीन तास तिला झेपणार नाही, एक प्रॅक्टिकल दोन शनिवारांत तोडून द्या. बुडालेली चारही करू द्या, म्हणजे मधे एखादा दिवस वाईट गेला तरी वर्ष जाणार नाही.”

सर पत्र दोनदा वाचून म्हणाले, “आणि शनिवारी कुलूप कोण उघडणार?”

“मी,” काका म्हणाले. तिथेच सरांच्या टेबलावर त्यांनी वहीतले तीन ‘ह’ खोडले, चार लाल ‘अ’ लिहिले आणि प्रत्येकापुढे सही केली. अठ्ठावीस वर्षांतली पहिली खाडाखोड.

पहिले दोन शनिवार ती आली. तिसऱ्या शनिवारी काकांनी दहा वाजता स्टँड उलट्या बाजूनं लावला आणि वाट पाहिली. साडेदहा झाले. स्टूल रिकामंच. काकांनी लाल पेन काढून ‘अ’ लिहिला. मग मॅडमशी ठरल्याप्रमाणे त्यांनी फोन लावला.

फोन उचलला गेला.

“सात नंबरचं स्टूल रिकामं आहे,” काका म्हणाले.

पलीकडून बारीक आवाज आला. “‘अ’ लिहिलात?”

“लिहिला. लाल.”

“बरं केलंत. आज उठवत नाहीये, काका.”

उठ, तोंड धू, बाहेर पड, मोकळी हवा घे, असे शंभर सल्ले काकांच्या जिभेवर आले. भावाला ते सगळे देऊन झाले होते. त्यांनी ते गिळले. “बरं. मी एक वाजेपर्यंत इथेच आहे. स्टँड लावलाय. नाही जमलं तर पुढच्या शनिवारी लावीन.”

पावणेबाराला दार वाजलं. पायात घरातल्या चपला, केस कसेबसे बांधलेले. तिनं ब्युरेट भरली. एकच वाचन झालं, पण शेवटचा अर्धा थेंब तिनं टोकावर लोंबकळत ठेवला, हलकेच फ्लास्कच्या काठाला लावला, आणि द्रावण फिकट, अगदी फिकट गुलाबी झालं.

काकांनी वहीतल्या लाल ‘अ’ला हात लावला नाही. त्याच्याशेजारी निळ्या पेनानं लिहिलं, ‘फोन उचलला. ११.४५ ला आली.’ मग वही मिटून ते म्हणाले, “टेबल पूस.”

ती हसली आणि तिनं फडकं उचललं.